वरळीच्या रिकाम्या खोल्या

१९२० च्या दशकात मुंबईत एक विचित्र गोष्ट घडली. शहरात पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हाच्या पाहण्यांनुसार कामगारांच्या शंभरातल्या ९७ कुटुंबांकडे एकच खोली होती, आणि त्या खोलीतही कुटुंबाशिवाय दोन-चार पाहुणे-भाडेकरू झोपत. नेमक्या त्याच वेळी वरळीला सरकारने बांधलेल्या हजारो कोऱ्या खोल्या ओस पडल्या होत्या. भाडेकरू फिरकतच नव्हते.

या खोल्या साध्यासुध्या योजनेतल्या नव्हत्या. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खातं काढलं. आजही आपण ज्यांना बीडीडी चाळी म्हणतो, त्या या खात्याच्या. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि ५०,००० खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात नायगाव, डिलाईल रोड, शिवडी आणि वरळी या चार ठिकाणी मिळून २०७ इमारती झाल्या, म्हणजे साधारण साडेसोळा हजार खोल्या. त्यातल्या १२१ इमारती एकट्या वरळीत. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, भिंती काँक्रीटच्या. जुन्या चाळींच्या तुलनेत या इमारती नव्या आणि भक्कम होत्या.

यात एक आयता प्रयोग दडलेला आहे. चारही ठिकाणचं खातं एक, आराखडा एक, काँक्रीट एक. फरक फक्त जागेचा. गिरण्यांच्या ऐन गर्दीतल्या डिलाईल रोडच्या चाळी त्या मानाने लवकर भरल्या, वरळीच्या रिकाम्या राहिल्या. वरळीला तेव्हा धड बाजार नव्हता, येण्याजाण्याची सोय नव्हती, रात्री रस्त्यावर पुरेसा उजेड नव्हता, कामाची गिरणी लांब होती आणि एवढं सगळं नसूनही भाडं कामगाराला जड जाणारं होतं. शेवटी १९३० च्या सत्याग्रहात तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींतच तात्पुरता तुरुंग उघडला. राहायची जागा निवडण्याची मुभा ज्यांना नव्हती, त्यांनाच शेवटी तिथे नेऊन ठेवावं लागलं.

नोकरीसाठी, प्रोजेक्टसाठी किंवा परीक्षेच्या तयारीसाठी सहा महिने-वर्षभर अनोळखी शहरात एकट्याने जायची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर येते. आपण ॲप उघडतो, खोलीचे फोटो बघतो, वायफाय, गीझर, डिपॉझिट तपासतो. वरळीला शंभर वर्षांपूर्वी ॲप असतं, तर तिथल्या खोल्यांचे फोटो सगळ्यात छान आले असते. तरी माणसं गेली नाहीत. त्या काळी मुंबईत एकटा येणारा माणूस मग बघत तरी काय होता?

एकट्यांचं शहर

मुंबई तेव्हा खरोखरच एकट्यांचं शहर होतं. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभर माणसांपैकी ८४ जण शहराबाहेर जन्मलेले निघाले. हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या पुरुषाचं कुटुंब एक तर गावाला होतं किंवा अजून व्हायचं होतं. सगळ्यात जास्त माणसं येत रत्नागिरी जिल्ह्यातून. शिवाय सातारा, पुणे, नगर, कोल्हापूरकडची, उत्तरेतून आलेली, गोव्याची.

हा एकटेपणा आपल्या आजच्या ‘सोलो’पणासारखा नव्हता. कोकणातला चाकरमानी स्वतःला शोधायला मुंबईत येत नसे. शेती तुटपुंजी होती आणि मनीऑर्डरीवर घर चालायचं होतं. मुक्काम लांबला तरी तो तात्पुरताच धरला जाई. गणपतीला, शिमग्याला घरी जायचं आणि शेवटी म्हातारपणी कायमचं गावी परतायचं, हा हिशेब. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. बायको गावाला ठेवून आलेल्या माणसाचं दुःख समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरचंच होतं. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले होते.

मुंबईत एकट्या माणसाकडे स्वयंपाकघर नाही, आजारपणात बघणारं कुणी नाही, उसने पैसे द्यायला घरचं माणूस नाही. जे काम गावात घर करतं, ते इथे कुणी करायचं? त्या काळच्या मुंबईने याचं उत्तर वस्तीवर सोपवलं. घराची एकेक खोली जणू बाहेर गल्लीत पसरली. स्वयंपाकघर खानावळीत, दिवाणखाना इराण्याच्या हॉटेलात, देवघर मंडळात, तिजोरी वाण्याच्या वहीत. माणसाच्या नावावर राहिली फक्त एक वळकटी आणि एक ट्रंक.

बिनपगारी दीड महिना

गिरणगावात हे कसं चालायचं ते पाहू. गिरणगाव म्हणजे भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडी, नायगाव हा पट्टा. कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या भागात धुराड्यांचं रान माजलं.

नवा माणूस बोटीतून उतरला की आधी गावकीच्या खोलीत जाई. एकाच गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली ही खोली. दहा बाय बाराच्या जागेवर वीस-तीस जणांची नावं असत. पाळ्या सुरू झाल्यावर तर दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. उरलेले गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर, फुटपाथवर. खोली ही सामान ठेवण्याची आणि पत्ता देण्याची जागा होती. राहणं गल्लीत होतं.

मग काम. गिरणीत भरती मुकादमाच्या हातात असे. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी बदली म्हणून आत जायचं. मुकादम आसपासच राहणारा, त्याच हॉटेलात बसणारा, त्याच मंडळातला. भोंगा वाजायच्या आत दरवाजावर पोचायला पाहिजे आणि आज कुठल्या खात्यात माणूस कमी आहे ही बातमीही आदल्या रात्री कानावर यायला पाहिजे. या दोन्ही गोष्टी वरळीच्या कोऱ्या खोलीत बसून जमत नव्हत्या.

काम मिळालं तरी पैसा लगेच हातात येत नसे. मुंबईच्या गिरण्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १० ते १५ तारखेदरम्यान देत. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला लागलेल्या माणसाला पहिला पगार मिळेपर्यंत सुमारे दीड महिना उलटे. तोवर जेवायचं काय? दीड महिना उधार जेवू घालणारं कुणीतरी असल्याशिवाय गिरणीत काम करणं शक्यच नव्हतं. हे कुणीतरी म्हणजे खानावळवाली.

गिरणगावातल्या खानावळी बहुतेक बायकांच्या होत्या. नवरा गिरणीत असलेल्या, नवरा गेलेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बायका आपल्याच खोलीत पाच-पंचवीस माणसांचं जेवण रांधत. कोकणातल्या माणसाला भात आणि मासे, घाटावरच्याला भाकरी, अशी खानावळ माणसाच्या मुलखाप्रमाणे ठरे. पैसे महिन्याला, पगार झाल्यावर. गावी गेलात तर खाडे धरायचे. ही बाई नुसतं जेवण देत नव्हती. कोण आजारी आहे, कुणाची नोकरी सुटली, कोण दारूत बुडतोय हे तिला सगळ्यांच्या आधी कळे, कारण त्या माणसाचं ताट राहिलेलं असे.

बाजार म्हणजे या वस्तीचा कणा होता. लालबागच्या राजाची गोष्ट त्याचीच साक्ष देते. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला, मासे-भाजी विकणाऱ्यांचं बस्तान उठलं. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी नवस केला आणि जागा मिळाल्यावर १९३४ पासून गणपती बसवायला सुरुवात केली, अशी या मंडळाची कथा आहे. ज्या मूर्तीच्या दर्शनाला आज लाखोंची रांग लागते, तिच्या मुळाशी भाजी-मासळीचा बाजार आहे.

धोबीतलाव : कूड आणि इराणी

दक्षिणेकडे आलं की धोबीतलाव. इथे गोव्याहून आलेल्या माणसांची वेगळी व्यवस्था होती. तिला कोंकणीत ‘कूड’ म्हणत, इंग्रजीत क्लब. एका गावची एक कूड. बोटीवर काम करणारे तारवटी, आचारी, बटलर, वादक असे गोंयकार तिथे उतरत. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, रात्री जमिनीवर अंथरूण, एका टोकाला गावच्या संताची वेदी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचं, ठरल्या वेळी दिवे मालवायचे, गावच्या फेस्ताला एकत्र जेवायचं. भाडं अगदी नाममात्र.

खलाश्याच्या आयुष्याला ही रचना चपखल बसत होती. तो कधी सहा महिने बोटीवर, तर कधी दोन महिने पुढच्या बोटीची वाट बघत मुंबईत. त्याला घर नको होतं. परत आल्यावर जागा तिथेच असेल याची खात्री हवी होती. कूड ती देत असे. जेर महल या जुन्या इमारतीत अशा काही कुडी आजही आहेत.

कुडीबाहेरचं धोबीतलावही तितकंच महत्त्वाचं होतं. कयानीचं इराणी हॉटेल १९०४ पासून इथे आहे. मुंबईभर कोपऱ्याकोपऱ्यावर अशी इराणी हॉटेलं उभी राहिली. एक कप चहा आणि ब्रून-मस्का मागवून तासभर बसता येणारी, कुणी ‘कुठल्या गावचा’ असं न विचारणारी ती जागा होती. आणि एकट्या माणसांना संध्याकाळी करमणूक लागते. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी झाला, तो गोव्यात नव्हे, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात. गोव्याचं सगळ्यात लोकप्रिय नाट्यरूप घरापासून दूर राहणाऱ्या माणसांमध्ये जन्माला आलं. वस्ती जिवंत असते म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. माणसं तिथे नुसती झोपायला येत नाहीत, काहीतरी नवंही घडवतात.

लेखणीवाल्यांच्या वस्त्या

कारकून, शिक्षक, विद्यार्थी यांची वस्ती गिरगाव. इथेही चाळी, इथेही दाटी, पण वस्तीने चालवायचं घर थोडं वेगळं. गिरणी कामगाराला भोंगा ऐकू यायला हवा होता. कारकुनाला वर्तमानपत्र, पुस्तक आणि ओळख हवी होती. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये सुरू झालं, त्या काळात गिरगाव-ठाकूरद्वार हा मराठी शिकलेल्या माणसांचा अड्डाच होता. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव, मेळे, व्याख्यानं. खोलीत दिव्याखाली बसायला जागा नसलेल्या मुलाने वाचनालयात बसायचं आणि रात्री व्याख्यान फुकट ऐकायचं.

थोडे पैसे असतील तर लॉजिंग-बोर्डिंग. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे असंच एक. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधन झालं तेही तिथेच. राष्ट्रीय पुढाऱ्याचासुद्धा मुंबईतला पत्ता एका लॉजमधली खोली होता.

१९२०-३० च्या सुमारास टायपिंग आणि इंग्रजी येणारी तमिळ-मल्याळी मुलं मुंबईच्या कचेऱ्यांत येऊ लागली, ती माटुंग्याला जमली. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हा भाग आखला होता. रुंद रस्ते, फ्लॅटच्या इमारती. कागदावर ही वरळीसारखीच सरकारी आखणी. पण इथे रेल्वे होती आणि आलेल्या माणसांनी लगेच आपलं सामान मांडलं. मेस निघाल्या, देवळं झाली, १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४२ मध्ये स्टेशनजवळ रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग सुरू झालं. केळीच्या पानावरचं तिथलं जेवण आजही मिळतं. आखलेली वस्ती मरगळलेलीच असते असं नाही, हे माटुंग्याने दाखवलं. रस्ते आखता येतात. मेस कुणालातरी काढावी लागते.

दार कुणासाठी बंद होतं

इथपर्यंत वाचून जुनी मुंबई म्हणजे मोठ्या मनाची आई वाटू लागली असेल, तर थांबा. वर सांगितलेल्या प्रत्येक व्यवस्थेला दार होतं आणि दारावर प्रश्न होता : कुठल्या गावचा? कुणाचा? जात कुठली? गावकीच्या खोलीत गावचा माणूस, पण गावातल्या एका बाजूचा. खानावळीत कुणाच्या पंगतीला कोण बसेल हे ठरलेलं. गिरणीत दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. पगार विणकामातच बरा मिळत असे. म्हणजे ज्यांचा पगार मुद्दाम कमी ठेवला, त्यांनाच खोलीची दारंही बंद.

परळला वाढलेल्या एका मुलाची गोष्ट यासाठी बघायला हवी. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले, मित्र मिळवले, कुणी जात विचारली नाही. शिकून परतल्यावर १९१७ मध्ये बडोदा संस्थानात नोकरीला रुजू व्हायचं होतं. वय २६. अनोळखी शहर, लांबचा मुक्काम, एकटा माणूस. आज आपल्यापैकी कितीतरी जण ज्या वयात जो प्रश्न घेऊन उभे असतात, तोच.

पुढचं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. हिंदू लॉजमध्ये जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदाराला पैशांची गरज होती, म्हणून वहीत पारशी नाव लिहायच्या अटीवर त्याने ठेवून घेतलं. भाडं दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी सगळा मजला अडगळीने भरलेला, दुसरा एकही पाहुणा नाही, रात्री वटवाघळं. दिवसा कचेरी, रात्री कंदिलाच्या उजेडात पुस्तक. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा घोळका आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाला. दोन ओळखीच्यांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मग कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

या प्रसंगात जातीची क्रूरता आहेच. शिवाय एकट्या माणसाच्या मुक्कामाबद्दल एक नेमकी गोष्टही आहे. ते अकरा दिवस खोली होती. छप्पर होतं, पगाराची नोकरी होती. नव्हती ती वस्ती : जिथे खोटं नाव न सांगता चहा पिता येईल, जिथे घोळका आल्यावर शेजारचा दार उघडून बाहेर येईल.

मुंबईत त्यांना ती होती. परळच्या पोयबावाडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ, ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. १९१२ पासून पुढची सुमारे २२ वर्षं हा त्यांच्या कुटुंबाचा पत्ता राहिला. आजूबाजूला कामगार, रोजची वर्दळ, जवळच दामोदर हॉल. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिची कचेरी तिथेच होती. जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांत शिकलेला माणूस दाटीच्या चाळीत इतकी वर्षं का राहिला, याचं सगळं उत्तर गरिबीत सापडत नाही. चळवळ करायला माणसं लागतात आणि ती माणसं त्या गल्लीत राहत होती.

बाईसाठी कुठली गल्ली?

एकट्या बाईसाठी तर गावकीची खोली नव्हती, कूड नव्हती, लॉजही नव्हतं. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शाइतक्या कामगार बायका होत्या, म्हणजे कमावत्या बायका हजारोंनी होत्या. पण एकटीला खोली द्यायला कुणी तयार नसे. एकटी बाई म्हणजे संशय, हे समीकरण पक्कं होतं.

म्हणून ११ मार्च १८८९ ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंडिता रमाबाईंनी त्या दिवशी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. उच्चवर्णीय विधवांनी तिथे राहायचं, शिकायचं. अगदी सुरुवातीला आलेल्यांत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झालेल्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं. पुरुषांना जी व्यवस्था गल्लीने आपोआप दिली, ती बाईसाठी एका बाईला संस्था काढून, वर्गण्या मागून, टीका झेलून उभी करावी लागली. आणि तिथेही दार सगळ्यांना उघडं नव्हतंच.

यातला विरोधाभास असा, की ज्या खानावळींवर हजारो एकटे पुरुष जगले, त्या चालवणाऱ्या बायका स्वतः सावकाराच्या आणि वाण्याच्या कर्जात असत. पुरुष पैसे देणार महिन्याने, वाण्याला द्यायचे आज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. शंभरेक वर्षं ज्यांच्या उधारीवर गिरणगाव जेवलं, त्यांना स्वतःला पत मिळायला एवढा काळ लागला.

अकरा महिन्यांचा माणूस

ही जुनी व्यवस्था मोडली कशी? एक कारण कायद्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. आत असलेल्या भाडेकरूला मोठं संरक्षण मिळालं, पण बाहेरून येणाऱ्या नव्या माणसाला कुणी भाड्याने खोली देईना. एकदा घुसला की निघणार नाही, ही मालकाची भीती. मग पागडी आली, कॉट बेसिस आलं, पेइंग गेस्ट आलं आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ आलं. आपण सगळे ज्यावर सही करतो तो अकरा महिन्यांचा करार याच भीतीचा वंशज. एक वर्षापेक्षा कमी मुदत ठेवली की १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार भाडेपट्टा नोंदवावा लागत नसे, म्हणून अकरा. महाराष्ट्रात १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा आल्यापासून मुदत कितीही असो, लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पण अकराचा आकडा सवयीने टिकला.

दुसरं कारण संप. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबला आणि खानावळींच्या वह्यांत उधारी साचत गेली. माणसं गावी परतली. गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. भोंगा गेला, तशी भोंग्याच्या अंतरात राहायची गरजही गेली.

आज त्याच पट्ट्यात लोअर परळच्या काचेच्या इमारतींत आपल्यासारखे हजारो एकटे लोक काम करतात. खानावळीची जागा डिलिव्हरी ॲपने घेतली, वाण्याच्या वहीची क्रेडिट कार्डाने, मुकादमाची रेफरलने. सोय वाढली आहे, आणि एक मोठी गोष्ट खरोखर सुधारली : ॲप जेवण देताना जात विचारत नाही. पण खोलीच्या दारावरचा प्रश्न गेलेला नाही. ‘फक्त शाकाहारी’, ‘बॅचलर नको’, ‘फॅमिलीलाच’, आणि आडनाव ऐकून ‘आत्ताच गेली हो खोली’. जुना चाकरमानी या प्रश्नाला निदान गावकीच्या जोरावर तोंड देत होता. आपण एकेकटे देतो. आणि ताट तसंच राहिलं म्हणून विचारणारी बाई आता नाही. ऑर्डर आली नाही याची काळजी ॲपला वाटते, ती वेगळ्या कारणाने.

म्हणून नव्या शहरात लांबच्या मुक्कामासाठी जागा शोधताना जुन्या मुंबईकराचे प्रश्न विचारून बघावेत असं मला वाटतं. खोलीत शिरण्याआधी गल्लीत एक संध्याकाळ काढावी. पंधरा मिनिटांच्या चालण्यात भाजी मिळते का? रोज एकाच ठिकाणी जेवलो तर महिन्याभरात तिथला माणूस आपल्याला ओळखेल, अशी एखादी मेस आहे का? वाचनालय, मैदान, चहाची टपरी, जिथे काही विकत न घेता किंवा एका चहावर तासभर बसता येईल अशी जागा आहे का? रात्री साडेदहाला रस्त्यावर उजेड आणि बायका दिसतात का? रात्रीचा हा प्रश्न मुलींनी आधीपासूनच विचारलेला असतो; मुलांनीही विचारावा, कारण जी गल्ली एकट्या बाईला सोयीची असते ती सगळ्यांनाच सोयीची ठरते. आणि शेवटचा प्रश्न : इथे मला माझं खरं नाव सांगून राहता येईल का?

वरळीच्या खोल्यांचं पुढे काय झालं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं दाटली, तशा त्याही भरल्या. हळूहळू दुकानं आली, मंडळं आली, व्यायामशाळा आल्या, बुद्धविहारं आली. एके काळी ज्या चाळींत यायला कुणी तयार नव्हतं, त्यांच्यामधल्या मैदानांत मोठमोठ्या सभा भरू लागल्या. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर इथेच दंगल पेटली, म्हणजे वस्तीच्या जिवंतपणाबरोबर तिच्या आतली जुनी भांडणंही आली होती. जिवंत वस्ती म्हणजे गोड वस्ती नव्हे, हेही वरळीनेच शिकवलं.

आता त्या चाळी पाडून टॉवर बांधले जात आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत, आतच संडास-न्हाणीघर, लिफ्ट. तीन-चार पिढ्या सार्वजनिक नळावर आणि संडासापुढे रांगा लावलेल्या माणसांना हे मिळायलाच हवं होतं. गॅलरीतल्या गप्पांची हळहळ आपण बाहेरच्यांनी करू नये. शंभर वर्षांपूर्वी सरकारने तिथे खोल्या दिल्या होत्या आणि वस्ती माणसांनी केली. या वेळीही खोल्या आल्या आहेत. खाली भाजीवाली कुठे बसणार, ते अजून ठरायचं आहे.